टाकलेल्या हेडफोनचा दुसरा डाव

१९५८ साली अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात ध्वनियंत्रांचं एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे जॉन कॉस नावाच्या तरुणाने उचलून नेता येईल असा सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर मांडला. कॉसचा मूळ धंदा इस्पितळातल्या रुग्णांना टीव्ही संच भाड्याने देण्याचा. लग्नात सोफा घ्यायला म्हणून मिळालेले पैसे त्याने त्या धंद्यात घातले होते. रेकॉर्ड प्लेअर शेजारच्याची झोपमोड न करता ऐकता यावा म्हणून कॉस आणि त्याचा जोडीदार मार्टिन लँग यांनी सोबत एक हेडफोन जोडून ठेवला होता. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या, त्यांत बसवलेले तीन इंची स्पीकर आणि वैमानिकांच्या शिरस्त्राणातल्या मऊ चामड्याच्या गाद्या, एवढाच सगळा ऐवज. रेकॉर्ड प्लेअर बाजूला राहिला आणि लोक हेडफोनबद्दलच विचारत सुटले. पुढे ‘कॉस एसपी-३’ या नावाने तो विकायला आला आणि संगीत ऐकण्यासाठीचा पहिला स्टिरिओ हेडफोन म्हणून त्याची नोंद झाली.

म्हणजे हे यंत्र जन्माला आलं तेच मुळी इकडचं तिकडे जोडून. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, यूटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविनने अमेरिकन नौदलाला जे रेडिओचे हेडफोन पुरवले, ते त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात तयार होत. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा महागडा हेडफोन उघडून त्यात फेल्टचा तुकडा सरकवणाऱ्या आजच्या हौशी माणसाला ‘मूळ रचनेशी खेळतो’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी थोडं दमाने घ्यावं. हेडफोनच्या इतिहासात टेबलावरच्या खटपटीचा वाटा कारखान्याइतकाच मोठा आहे. निदान एका प्रकारच्या हेडफोनच्या बाबतीत तर बहुतेक कारखान्यांनी हात झटकल्यावर ते तंत्र जिवंत ठेवलं ते या खटपट्या लोकांनीच.

तो प्रकार म्हणजे ऑर्थोडायनॅमिक.

नेहमीच्या, म्हणजे डायनॅमिक हेडफोनमध्ये तारेचं एक लहान वेटोळं पातळ पडद्याला चिकटवलेलं असतं. चुंबकाच्या खाचेत ते पुढे-मागे हलतं आणि पडद्याला ढकलतं. बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये आणलेला डीटी ४८ हा या जातीचा आद्य हेडफोन, आणि आजही बाजारातले बहुतेक हेडफोन त्याच कुळातले आहेत. यात एक अडचण मुळातलीच असते. धक्का बसतो तो पडद्याच्या एका गोल रेषेवर. बाकीचा पडदा त्या रेषेमागून फरफटत येतो, आणि वरच्या सुरांत तो आपल्या मनाने थरथरू लागतो.

जपानच्या यामाहा कंपनीने १९७०च्या दशकाच्या मध्यावर यावर वेगळाच तोडगा काढला. एचपी-१ या हेडफोनमध्ये वेटोळं पडद्यावरच छापलेलं होतं. पॉलिएस्टरची १२ मायक्रॉन जाडीची फिल्म आणि तिच्यावर जवळपास सगळीकडे पसरलेली धातूची चक्राकार रेघ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर पडद्याच्या जाडीचा अंदाज येईल. या पडद्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रं पाडलेल्या चुंबकांच्या चकत्या. विजेचा प्रवाह आला की एखादी रेषा नव्हे, तर अख्खा पडदा एकदम हलतो. रूप देण्याचं काम इटलीच्या मारिओ बेलिनी यांच्याकडे होतं. ऑलिवेत्ती कंपनीची यंत्रं घडवणाऱ्या या माणसाने डोक्यावर टेकायला कातडी पट्टा दिला, वर लवचीक कमान ठेवली आणि दोन्ही कानांना काळ्या, गोल, अगदी साध्या वाट्या दिल्या. आजही तो हेडफोन टेबलावर ठेवला तर जुना वाटत नाही.

एचपी-१च्या पाठोपाठ यामाहाने स्वस्त-महाग भावंडांची रांगच लावली. फॉस्टेक्स कंपनीने ‘आरपी’ म्हणजे ‘रेग्युलर फेज’ या नावाखाली तेच तंत्र उचललं. जर्मनीत पीएमबी १०० निघाला. सोव्हिएत संघातही या जातीचे हेडफोन निघाले आणि साध्या घरांतून वापरले गेले. त्यांना तिकडे ‘आयसोडायनॅमिक’ म्हणत. दहा-बारा वर्षं हा सोहळा चालला, आणि मग एकाएकी सगळं थंडावलं.

कारण साधं होतं. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि हेडफोन घरातल्या खुर्चीतून उठून रस्त्यावर आला. वॉकमनसोबतचा हेडफोन जेमतेम पन्नास ग्रॅमचा. ऑर्थोडायनॅमिकला लागायची फेराइट चुंबकांची जड जोडगोळी, आणि वर त्याला आवाज काढायला तगडा अ‍ॅम्प्लिफायर हवा. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या डबीला हे ओझं कुठून पेलणार? कंपन्यांनी हिशेब केला आणि १९८०च्या दशकात एकामागून एक कारखान्यांनी ते काम गुंडाळलं. फॉस्टेक्सने मात्र स्टुडिओतल्या लोकांसाठी आपला आरपी पडदा टिकवला. या एका हट्टाचं महत्त्व पुढे कळेल.

जुने हेडफोन कपाटांच्या वरच्या फळीवर गेले, आणि तिथे वेळेने त्यांच्यावर आपलं काम सुरू केलं. पडदा आणि चुंबक सहसा काही बिघडत नाहीत. ती दोन्ही पन्नास वर्षंही टिकतात. मरतो तो फोम. हेडफोनच्या गाद्यांतला आणि आतल्या बाजूचा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या बाष्पाने हळूहळू विरघळतो. आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात ठेवणीतल्या बुटांचे तळवे असेच एक दिवस पायाखाली गळून पडतात. रसायन तेच. व्हिनाइलच्या गाद्या कडक होतात, भेगाळतात. कॉसने प्रो ४ मालिकेत कानाभोवती नीट बसावी म्हणून द्रव भरलेली गादी दिली होती. त्यातल्या कित्येक आता पाझरून गेल्या आहेत.

गादी गेली म्हणजे फक्त आराम गेला, असं नाही. हेडफोनचा खर्ज उभा राहतो तो कानाभोवतीच्या कोंडलेल्या हवेवर. गादीला फट पडली की हवा निसटते आणि तिच्याबरोबर तबल्याच्या बायाँचा घुमारा, डबल बेसचा पाया, सगळं निसटतं. ‘यामाहा ऑर्थोला खर्जच नाही’ असं सांगणारे बरेच जण मुळात चाळीस वर्षांच्या कडक गादीचा आवाज ऐकत असतात. म्हणून दुरुस्तीचं पहिलं पाऊल नेहमी गादी. त्यानंतरच सुधारणेची भाषा.

आणि सुधारणा म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. यामाहाची वाटी उघडली की समोर येते चुंबकाची छिद्रांची चकती. पडद्याची पाठ या छिद्रांतून वाटीच्या पोकळीत श्वास घेते. पाठीमागे काहीच अडवणूक नसेल तर पडदा आपल्या स्वाभाविक कंपनाशी पोचला की बेफाम होतो. शंभर हर्ट्‌झच्या आसपास एक फुगवटा येतो, ढोलकीची थाप पडून गेल्यावरही रेंगाळते. त्याला लगाम घालायचा तर मागच्या छिद्रांवर हवेला अडवणारा, पण पूर्ण न कोंडणारा थर हवा. कारखान्याने असा थर दिलेला असतोच, पण तो एका सरासरी कानासाठी आणि ठरलेल्या खर्चात बसवलेला. हौशी माणूस तो काढून आपला बसवतो. कोणी दाट फेल्ट वापरतो, कोणी कागद, कोणी कापसाचे पातळ पदर. यात सगळ्यांत लोकप्रिय ठरलेला पदार्थ मात्र औषधाच्या दुकानातला आहे. जखमेवरच्या पट्टीला लावतात ती सच्छिद्र कागदी चिकटपट्टी, म्हणजे मायक्रोपोर.

मायक्रोपोरची गंमत अशी की तिच्यातून हवा जाते, पण अडखळत जाते. एक थर लावायचा, ऐकायचं, मोजायचं. दुसरा लावायचा, पुन्हा ऐकायचं. फुगवटा खाली बसतो, ढोलकी आणि तंबोरा वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. तिसऱ्या थराला आवाज कोरडा पडतो आणि खर्ज मान टाकतो. मग सुईने पट्टीला एक-दोन भोकं पाडायची आणि परत मागे यायचं. याच ओळीत वाटीच्या आतल्या भिंतीला मातीच्या खेळण्यांसाठी मिळणारं प्लॅस्टिसिन किंवा गाडीच्या पत्र्याला आतून लावतात ती डांबरी चकती बसवली जाते. पातळ प्लॅस्टिक आपल्या स्वतःच्या सुरात वाजू नये हा त्यामागचा हेतू. पुढच्या बाजूला, म्हणजे पडदा आणि कान यांच्यामध्ये, ज्या पट्टीवर ड्रायव्हर, म्हणजे पडदा आणि चुंबकांचा संच, बसतो तिथली लहान छिद्रं झाकून किंवा उघडून खर्जाचं प्रमाण ठरतं. गादी थोडी जाड घेतली की कान पडद्यापासून लांब जातो आणि वरच्या सुरांची मांडणीच बदलते. या सगळ्या गोष्टी एकमेकांच्या पायांत पाय घालतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या कामाचा अलिखित नियम. तो मोडणारा माणूस शेवटी आवाज का बदलला हेच सांगू शकत नाही.

दुसरा नियम डेसिबलचा, म्हणजे तुलना सारख्याच आवाजपातळीवर करण्याचा. फेरफार केलेली बाजू मूळ बाजूपेक्षा अर्ध्या-एका डेसिबलने जरी मोठी वाजली, तरी कान तिला ‘जास्त स्वच्छ’ म्हणून मोकळा होतो. या एका चकव्याने किती ‘सुधारणा’ जन्माला आल्या असतील त्याची गणती नाही. तारांचा बाजार तर यावरच उभा आहे. जुनी तार तुटली, सोल्डर सुटलं, प्लग गंजला तर तार बदललीच पाहिजे. एरवी हजारो रुपयांची चांदीची वेणी घालून आवाजात फरक पडतो असं म्हणणाऱ्याने डोळे बांधून दोन्ही तारा ओळखून दाखवाव्यात. गेल्या काही वर्षांत स्वस्त मायक्रोफोन, कृत्रिम कान आणि फुकट मिळणारी मोजमापाची सॉफ्टवेअरं आली, तेव्हा या छंदातली बरीच जळमटं झडली. आता ‘मखमली’, ‘उबदार’ असली विशेषणं लावणाऱ्याकडे आलेखही मागितला जातो.

आलेख मागितला तरी एक प्रश्न उरतोच. चांगला आवाज म्हणजे कोणता? याचं उत्तर दर पंधरा-वीस वर्षांनी बदललं आहे. जुने हेडफोन समजून घेताना हे लक्षात घेतलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होतो. १९७०च्या दशकात हेडफोन बेतले जात ते समोर ठेवलेल्या एका स्पीकरचा आवाज प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत कानाशी कसा पोचेल, या हिशेबाने. १९८०च्या दशकात म्युनिकच्या रेडिओ तंत्र संस्थेत, म्हणजे आयआरटीत, गुंटर टायले यांनी वेगळी मांडणी केली. आवाज सगळ्या दिशांनी सारखा येतो अशा खोलीला प्रमाण मानावं, असं त्यांचं म्हणणं. त्यानुसार व्हिएन्नाच्या एकेजीने के२४० डीएफ हा हेडफोन काढला, आणि युरोपातल्या प्रसारण स्टुडिओंत तो रुळला. पुढे २०१२ नंतर हार्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी माणसांना प्रत्यक्ष ऐकवून पाहिलं. बहुसंख्यांना चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, म्हणजे खर्ज जरा भरलेला आणि टिपेचे सूर जरा उतरलेले असा आवाज आवडतो, असं त्यांना आढळलं. आज कोणी जुन्या यामाहाला ‘सुधारतो’ तेव्हा बहुतेक वेळा तो त्याला एका जमान्याच्या मोजपट्टीवरून दुसऱ्या जमान्याच्या मोजपट्टीवर आणत असतो.

एकेजीचं नाव आलंच आहे तर थोडं तिथे थांबायला हवं. १९७५च्या सुमाराला निघालेल्या के२४०च्या मूळ अवताराला चाहते ‘सेक्स्टेट’ म्हणतात. मधल्या मुख्य ड्रायव्हरभोवती सहा लहान पडदे बसवलेले, ज्यांना वीज मिळत नाही. ते नुसते हवेच्या दाबावर हलतात. बाहेरून सारखेच दिसणारे सेक्स्टेट आत वेगवेगळे निघतात. कंपनीने वर्षानुवर्षं गुपचूप बदल केले, आणि संग्राहकांनी त्यांना ‘सुरुवातीचे’, ‘मधले’ आणि ‘उशिराचे’ असे गट पाडून दिले. एकेजीचाच के३४० त्याहून अवघड. त्यात खालच्या सुरांना डायनॅमिक ड्रायव्हर आणि वरच्या सुरांना इलेक्ट्रेट, म्हणजे कायमचा विद्युतभार साठवून ठेवलेला पडदा. हा ‘कायमचा’ भार चाळीस वर्षांनी ओसरलेला असू शकतो, आणि तो घरच्या टेबलावर परत भरता येत नाही. के३४० विकत घेणं म्हणजे निम्मा जुगार, हे जाणकार उघड सांगतात. एकेजीचा व्हिएन्नातला कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. तिथल्याच काही लोकांनी ‘ऑस्ट्रियन ऑडिओ’ सुरू केली. पण सेक्स्टेटचा सुटा भाग हवा असेल तर आता दुसरा मेलेला सेक्स्टेटच शोधावा लागतो.

जपानच्या स्टॅक्स कंपनीचं दुखणं अजून निराळं. १९६० मध्ये त्यांचा एसआर-१ विक्रीला आला, तो इलेक्ट्रोस्टॅटिक होता. त्यात वेटोळं नाही, चुंबक नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये टांगलेला पडदा, त्याच्यावर शेकडो व्होल्टचा स्थिर भार. पत्र्यांवरचा विद्युतदाब बदलला की पडदा ओढला जातो. १९७९च्या लॅम्डा मालिकेतले चौकोनी खोके आजही लोक शोधून शोधून घेतात. सुरुवातीला पडद्यावरचा भार २३० व्होल्ट असे. पुढच्या ‘प्रो’ मालिकेत तो ५८० झाला आणि सहा पिनांच्या प्लगऐवजी पाच पिनांचा आला. त्यामुळे जुना सहा पिनांचा हेडफोन नव्या जास्त व्होल्टच्या सॉकेटात शिरतच नाही. भल्या विचाराने केलेली ही अडवणूक. ती प्लग बदलून मोडणारेही आहेत, आणि त्यांतल्या काहींचे पडदे पत्र्याला चिकटून कायमचे गेले आहेत.

स्टॅक्समध्ये फोमचा भुगा हा सर्वांत मोठा वैरी. डायनॅमिक हेडफोनमध्ये भुगा नुसता घाण करतो. इथे तो पडदा आणि पत्र्यामधल्या बारीक फटीत गेला की भार गळायला लागतो, एका कानाचा आवाज हळूहळू बसतो, मधेच किरकिर सुरू होते. ड्रायव्हर उघडून कण टिपणं, पडद्यावरचा विद्युतवाहक लेप उडाला असेल तर नवा लावणं, फिल्म पुन्हा ताणून बसवणं, हे काम फार थोड्यांना जमतं. एक-दीड मायक्रॉनच्या फिल्मला शिंकेचाही धक्का लागतो. शिवाय तिला चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात जीवघेणे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ दबा धरून बसतात. इथे हौसेला आवर घातलेला बरा.

सेनहायझरची गोष्ट थोडक्यात सांगून होते, कारण तिथे दुरुस्ती सोपी आहे. १९६८चा एचडी ४१४, तोच पिवळ्या फोमच्या गाद्यांचा, उघड्या पाठीचा, एक कोटीहून जास्त खपलेला. त्याला गादी बदलण्यापलीकडे फार काही लागत नाही. १९९०च्या दशकातले एचडी ५८० आणि एचडी ६०० तर हातानेच सुटे होतात. त्यांची एक तक्रार ठरलेली. एका कानात अमुक सुराला भुणभुण. ड्रायव्हर फाटला म्हणून हळहळणाऱ्याने आधी झाकण काढून बघावं. बहुतेकदा डोक्याचा एखादा केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकलेला असतो. चिमट्याने काढला की भुणभुण गेली.

आता परत फॉस्टेक्सकडे. टी५०आरपी हा त्यांचा स्टुडिओ हेडफोन दिसायला ओबडधोबड आणि किमतीला परवडणारा. आवाज, खरं सांगायचं तर, डब्यातून बाहेर काढल्यावर फिकाच. पण आत चपटा, छापील वेटोळ्याचा पडदा होता. १९७०च्या दशकातले यामाहा दुर्मीळ झाले, तेव्हा त्यांच्यावर शिकलेले सगळे धडे गिरवायला लोकांनी हा हेडफोन उचलला. चिरफाड करताना बिघडला तर दुसरा आणता येतो, ही मोठी सोय. मायक्रोपोर, फेल्ट, प्लॅस्टिसिन, मोठ्या चामडी गाद्या असा सगळा संच त्याच्यावर चढला आणि फिका हेडफोन ओळखू येईनासा झाला.

यातून धंदे उभे राहिले. सॅन दिएगोच्या डॅन क्लार्कने सुधारलेला टी५०आरपी ‘मॅड डॉग’ नावाने विकायला काढला. कंपनीचं नाव मिस्टर स्पीकर्स. २०१३ मध्ये ‘अल्फा डॉग’ आला. आतला पडदा अजूनही फॉस्टेक्सचाच, पण वाट्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या. २०१५च्या ‘ईथर’मध्ये मात्र पडदाही स्वतःचा, त्याला अभियंते ब्रूस थिग्पेन यांच्यासोबत घडवलेल्या बारीक चुण्या. २०१९ मध्ये कंपनीचं नाव डॅन क्लार्क ऑडिओ झालं. शिकागोकडे झॅक मेहरबाख यानेही टी५०आरपीला लाकडी वाट्या बसवण्यापासून सुरुवात केली. त्याच्या झेडएमएफ कंपनीचे हेडफोन आज लाकडाच्या जातीवरून निवडले जातात. दुसऱ्याच्या हेडफोनवर चिकटपट्टी लावता लावता दहा वर्षांत स्वतःचा ड्रायव्हर करणं, ही उमेदवारी कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळाली नसती.

यात काळाचाही हात होता, हे कबूल करायला हवं. १९८०च्या दशकात सापडलेलं निओडायमियम चुंबक फेराइटपेक्षा कितीतरी जोरदार. ते स्वस्त झालं तेव्हा जड ऑर्थोचा अर्धा दोष आपोआप सरला. २००९-१०च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या ऑडेझीने आणि चीनच्या हायफायमॅनने याच तंत्राचे नवे हेडफोन बाजारात आणले. आता त्याला ‘प्लॅनर मॅग्नेटिक’ म्हणतात. पण ते विकत घ्यायला तयार असलेला, पडद्याच्या ताणाबद्दल आणि मागच्या फेल्टबद्दल प्रश्न विचारणारा ग्राहक आधीपासून होता, तो जुन्या यामाहा-फॉस्टेक्सवर वाढलेला.

आपल्याकडे या सगळ्याची हवा उशिरा आली. १९९१च्या आर्थिक उदारीकरणाआधी परदेशी हेडफोन म्हणजे आखातातून किंवा बोटीवरून कोणी आणला तर. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्लग, तार, सोल्डर, उष्णतेने आवळणारी नळी, सगळं मिळतं. जुन्या हेडफोनच्या शोधात चोरबाजार पालथा घालणारेही आहेत. त्यांना बाष्पाशी झुंज जास्त द्यावी लागते. सिलिका जेलची पुडी घालून बंद डब्यात हेडफोन ठेवणं हा इथे हौसेचा नव्हे, गरजेचा भाग.

मूळ रूप जपावं की बदलावं, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही, आणि हेडफोनप्रमाणे उत्तरही बदलावं लागतं. सेनहायझरचा ‘ऑर्फियस’ १९९१ मध्ये निघाला तो फक्त ३०० नगांचा. सोनीच्या १९८९च्या एमडीआर-आर१०च्या वाट्या दोनशे वर्षं वयाच्या झेलकोव्हा वृक्षाच्या लाकडातून कोरलेल्या. असल्या वस्तूला प्लॅस्टिसिन लावणाऱ्याला शहाणा म्हणता येणार नाही. तिथे गादी बदलावी, जुनी गादी जपून ठेवावी आणि थांबावं. साधा, हजारोंनी निघालेला यामाहा वायएच-२ असेल तर मोकळ्या हाताने करावं. मधली वाट अशी की जे काही लावाल ते काढता आलं पाहिजे. मायक्रोपोर निघते, फेल्ट निघतो, ड्रिलने पाडलेलं भोक बुजत नाही. चांगले दुरुस्तीवाले वाटीच्या आत चिठ्ठी ठेवतात. काय बदललं, कधी, मूळ भाग कुठे आहेत. पुढच्या मालकाला ती चिठ्ठी पैशांपेक्षा मोलाची.

यामाहा स्वतः परत आली ती २०२२ मध्ये. वायएच-५००० एसई या नव्या हेडफोनवर कंपनीने तोच जुना शब्द छापला, ऑर्थोडायनॅमिक, आणि किंमत ठेवली सुमारे पाच हजार डॉलर. दरम्यान हायफायमॅनचा २०१०चा एचई-६ आता संग्राहकांच्या यादीत चढला आहे. त्याला स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जोडतात, त्याच्या मागच्या जाळ्या काढून मोकळ्या विणीच्या बसवतात, आणि चार स्क्रूंचा चांगला की सहा स्क्रूंचा यावर तावातावाने भांडतात.